मुलाने आयटीआयनंतर ७ हजारांची अप्रेंटिसशिप करावी की ठेकेदाराकडे १४ हजारांची नोकरी धरावी?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज ड्युटीवरून आल्या आल्या लिहायला बसलोय, कारण हाच प्रश्न आमच्या घरात २०१२ साली पडला होता आणि तेव्हा सांगणारं कोणीच नव्हतं. तुम्ही लिहिलंय की मुलगा आपल्या गोव्यातल्या, सत्तरीच्या होंडा गावच्या आयटीआयमधून फिटर (यंत्रं जोडणं-दुरुस्त करणं) पास झालाय, कुंडईच्या एका कंपनीने एका वर्षासाठी अप्रेंटिस म्हणून बोलावलंय, महिना ७ हजार, आणि त्याच वेळी ओळखीचा एक ठेकेदार वेर्ण्याला १४ हजारांवर लगेच घ्यायला तयार आहे. घरचे म्हणतात डबल पैसे सोडून वर्ष कशाला घालवायचं, आणि तुम्हाला आतून वाटतंय की काहीतरी चुकतंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अप्रेंटिसशिप करू द्या. पण ती कागदावरची खरी अप्रेंटिसशिप आहे की नुसतं तोंडाने अप्रेंटिस म्हणतायत ते आधी बघा. नुसतं तोंडी असेल तर ठेकेदाराचे १४ हजार बरे, निदान पैसे तरी हातात येतील.

आता हे का म्हणतो ते. मी साखळीच्या बाजूचा. बाबांचा खाणीवर ट्रक होता, आमच्या भागात बहुतेक घरांचं तसंच होतं. मी फिटर पास झालो त्याच वर्षी, २०१२ला, खाणी बंद पडल्या, ट्रक घरासमोर फणसाखाली उभा राहिला आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच. अशा वेळी मुलाने आधी पैसा आणायचा की शिकायचं हे विचारायला जागाच नसते. एका कंपनीत 'ट्रेनी' म्हणून लागलो. कंपनीचं नाव घेत नाही. मला वाटलं हीच अप्रेंटिसशिप. चौदा महिने तिथे काढले, त्यातले शेवटचे अकरा महिने मी फक्त कार्टन टेप करून पॅलेटवर रचत होतो. फिटरचं सर्टिफिकेट घरी कपाटात आणि मी पॅकिंगला. सोडताना अनुभवाचं पत्र मागितलं तर एचआरवाल्या बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं, त्यात माझं नाव ठेकेदाराच्या हेल्परांच्या यादीत होतं. ट्रेनी असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी बसमध्ये बसून घरी येताना आईला काय सांगायचं तेच कळत नव्हतं.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, पगाराच्या आधी कागद.

खऱ्या अप्रेंटिसशिपला केंद्राचा कायदा आहे, अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट १९६१. तो १२ डिसेंबर १९६१चा, म्हणजे आपला गोवा मुक्त व्हायच्या बरोबर एक आठवडा आधीचा. त्या कायद्याखाली मुलगा आणि कंपनी यांच्यात करार होतो आणि तो अप्रेंटिसशिप इंडियाच्या सरकारी पोर्टलवर रजिस्टर व्हावा लागतो. करार रजिस्टर झाला तर तुमचा मुलगा अप्रेंटिस, नाहीतर तो फक्त स्वस्तातला कामगार. कंपनीत जाऊन सरळ विचारायचं की पोर्टलवर करार कधी टाकणार आणि त्याची कॉपी कधी मिळणार. चांगली कंपनी असेल तर तिथल्या तिथे उत्तर देईल. 'बघू, करू नंतर' म्हणाले तर उठून या.

दुसरं विचारायचं ते ट्रेडचं. करारात 'फिटर' हाच डेझिग्नेटेड, म्हणजे सरकारने ठरवून दिलेला, ट्रेड लिहिलाय ना? कारण डेझिग्नेटेड आणि ऑप्शनल असे दोन प्रकार असतात. डेझिग्नेटेड ट्रेडमध्ये वर्ष संपलं की ऑल इंडिया ट्रेड टेस्ट होते आणि पास झाला की नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट, ज्याला सगळे एनएसी म्हणतात, ते मिळतं. सरकारी कंपन्यांच्या, शिपयार्ड वगैरेंच्या टेक्निकल जागांच्या जाहिराती काढून बघा, आयटीआयसोबत हे सर्टिफिकेट मागितलेलं तुम्हाला बऱ्याच ठिकाणी दिसेल. ऑप्शनलमध्ये कंपनीने स्वतः ठरवलेला कोर्स असतो, तो वाईटच असतो असं नाही, पण दोन वर्षं फिटर शिकलेल्या पोराने त्यात जाऊ नये असं मला वाटतं.

पैशांचं सांगतो कारण घरात भांडण त्याच्यावरूनच आहे. २०१९च्या नियमांत आयटीआय पास मुलाला कमीत कमी ७ हजार स्टायपेंड धरलाय, डिप्लोमावाल्याला ८, डिग्रीवाल्याला ९. हे कमीत कमी आहे, कंपनी जास्त देऊ शकते आणि आमच्याकडे कुंडई-वेर्ण्याच्या काही कंपन्या जेवण आणि बस धरून बऱ्यापैकी जास्त देतातही, तेव्हा विचारायला लाजू नका. २०२५ मध्ये सेंट्रल अप्रेंटिसशिप कौन्सिलने स्टायपेंड ३६ टक्के वाढवायची शिफारस केली होती, तर सही करायच्या दिवशी पोर्टलवर चालू आकडा कोणता आहे तेही बघून घ्या. आणखी एक गोष्ट, हिच्यावरून फार गैरसमज होतात. केंद्राच्या नॅप्स (अप्रेंटिसशिपला प्रोत्साहन देणाऱ्या) योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार देतं आणि तो आता सरळ मुलाच्या बँक खात्यात येतो. म्हणजे कंपनीकडून साडेपाच हजार आले की कंपनीने खाल्ले असं लगेच समजू नका, उरलेले वेगळ्या वाटेने येतात आणि कधी कधी उशिरा येतात. खातं आधारला लिंक नसेल तर अडकून पडतात. माझ्या हाताखालच्या एका पोराचे पाच महिन्यांचे असेच अडकले होते.

आता १४ हजारांकडे या. त्यातून पीएफ, ईएसआय कापलं जाईल (आणि कापलं जातंय ना हे पण बघा, स्लिप मागा), तुमच्या वाळपईहून वेर्णा लांब, खोली घ्यावी लागेल, खोलीभाडं आणि जेवण गेल्यावर हातात किती उरतं ते एकदा वहीवर मांडा. कुंडईला तो घरून बसने जाऊन येऊ शकेल. मला वाटतं फरक डबल उरत नाही, महिन्याला दोन-तीन हजारांवर येतो. तरीही ज्या घरात ते दोन-तीन हजार पण मोठे आहेत त्या घराला मी दोष देणार नाही, आम्ही स्वतः त्यातूनच गेलोय. सरकारला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, मुलं अप्रेंटिसशिप मध्येच सोडतात ती आळशी म्हणून नाही, प्रवास आणि जेवण त्या स्टायपेंडमध्ये बसत नाही म्हणून सोडतात. पेडणे, सत्तरी, काणकोणच्या पोरांना नुसता बसचा पास आणि औद्योगिक वसाहतीजवळ एक साधं हॉस्टेल मिळालं तरी किती पोरं टिकतील.

माझी पुढची गोष्ट सांगतो म्हणजे वर्षभरात काय मिळतं ते कळेल. पॅकिंग सोडल्यावर मी दुसऱ्या एका कारखान्यात नीट करार करून अप्रेंटिस लागलो, तेव्हाचा स्टायपेंड आजच्यापेक्षा कितीतरी कमी होता आणि बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. तिथे मेंटेनन्सला एक वयस्कर फिटर होते, सगळे त्यांना मेस्त्रीकाका म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पंप आणि मोटरच्या अलाइनमेंटला, म्हणजे दोघांचे शाफ्ट एका रेषेत आणायला, बसवलं. कपलिंगवर (दोन शाफ्ट जोडणारा भाग) डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजमाप, लावायचा, शाफ्ट हाताने हळू फिरवायचा, वर, उजवीकडे, खाली, डावीकडे अशी चार रीडिंग घ्यायची. मी रीडिंग घेऊन मोटरच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घातली, बोल्ट आवळले, परत बघितलं तर आकडा भलताच. काढा, परत घाला, परत भलताच. सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत हेच. काका काही बोलले नाहीत, शेवटी त्यांनी माझ्या हातात स्पॅनर दिला आणि म्हणाले एकच बोल्ट ढिला कर आणि डायलकडे बघ. मी ढिला केला आणि काटा टुणकन उडाला. मोटरचा एक पाय बेसवर टेकतच नव्हता, बोल्ट आवळला की मोटरची बॉडी खाली ओढली जायची, म्हणून आकडा जागेवर राहत नव्हता. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला तर त्या एका पायाखाली पाव मिलिमीटर फट. ती आधी भरायची, बाकीचं नंतर. आयटीआयच्या पुस्तकात अलाइनमेंटचं चित्र होतं, मला त्यात चांगले मार्क पण होते, पण तो काटा उडताना बघितल्याशिवाय ते डोक्यात शिरलं नसतं. आज मी एका औषध कंपनीत मेंटेनन्स बघतो, पंप वारंवार बेअरिंग खायला लागला की मी अजून सगळ्यात आधी पायाचा बोल्ट ढिला करून बघतो.

हे शिकवणारा माणूस तिथे आहे का, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. नियम असा की ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायलाच पाहिजेत, ठेक्यावरची माणसं पण त्यात मोजायची. म्हणजे २०० माणसांच्या कंपनीने निदान पाच. चांगला नियम आहे. पण डोकी मोजली जातात, शिकवलं किती ते कोणी येऊन बघत नाही. आकडा भरला की काही कंपन्यांचं काम संपलं, मग पोरगा स्टोअरमध्ये चिठ्ठ्या फाडतोय की खरंच मशीनवर आहे याची कोणाला पडलेली नसते. वर्षातून दोनदा जरी आयटीआयच्या एका इन्स्ट्रक्टरने येऊन पोरांशी दहा मिनिटं एकट्याने बोलावं, एवढं जरी केलं तरी निम्म्या गोष्टी सुधारतील असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत हे तुम्हालाच बघावं लागेल. त्याच कंपनीत मागच्या वर्षी अप्रेंटिस केलेला एखादा मुलगा शोधा, आयटीआयच्या सरांना विचारलं की ते सांगतात. त्या मुलाला विचारा तुला रोज कोणाच्या हाताखाली ठेवलं होतं. त्याने माणसाचं नाव सांगितलं तर समजा ठीक आहे. 'कुठेही पाठवायचे' म्हणाला तर विचार करा.

नोकरी लागेल का असंही तुम्ही विचारलंय. खरं सांगायचं तर कायद्याने कंपनीवर बंधन नाही, वर्ष संपलं की ते नमस्कार करू शकतात, आणि मुलावर पण तिथेच राहायचं बंधन नाही. पण २०१४च्या दुरुस्तीनंतर कायद्यात असं आलंय की अप्रेंटिसना पुढे घेण्याबद्दल प्रत्येक कंपनीने आपलं धोरण ठरवायचं. म्हणून मुलाखतीतच विचारायचं, तुमची पॉलिसी काय आहे, मागच्या बॅचमधले किती घेतले. आणि अजून काही हक्क आहेत ते मुलाला पाठ करून ठेवू द्या. अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझर म्हणून जो सरकारी अधिकारी असतो त्याच्या परवानगीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही, पीस रेटवर (नगामागे पैसे) काम देता येत नाही, आणि कामावर दुखापत झाली तर कंपनीला भरपाई द्यावी लागते. कोणी ऐकत नसेल तर पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात कौशल्य विकास संचालनालय आहे, तिथे लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. तोंडी सांगून येऊ नका.

सरकारी नोकरीची आशा घरात असेलच, आपल्याकडे कोणाच्या घरात नाही. आमदाराकडे फाइल देऊन तीन-तीन वर्षं घरी बसलेली पोरं मी बघितलीत, हुशार पोरं, त्यांच्या हाताला जे वळण लागायचं ते वयच निघून गेलं. फॉर्म भरू द्या, स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षा देऊ द्या, पण अप्रेंटिसशिप करत करत. आणि पुढे शिकायची इच्छा असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय असते, त्याची चौकशी पणजीच्या किंवा कुडचड्याच्या पॉलिटेक्निकमध्ये आत्ताच करून ठेवा, जागा थोड्या असतात आणि तारखा पटकन निघून जातात.

घरच्यांना समजवायचं असेल तर त्यांना एवढंच विचारा की पाच वर्षांनी ठेकेदार बदलला तर मुलगा नवीन ठिकाणी काय दाखवणार. माझ्याकडे दाखवायला चौदा महिन्यांचं काही नव्हतं, नंतरच्या एका वर्षाचं मात्र होतं, आणि आजची नोकरी त्या एका कागदावर आणि मुलाखतीत समोर करून दाखवलेल्या अलाइनमेंटवर मिळाली.

कुंडईवाल्यांनी कधी बोलावलंय ते लिहिलं नाही तुम्ही. जायच्या आधी आधार, दहावीचं आणि आयटीआयचं मार्कशीट, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स काढून ठेवा, आणि बँकेत जाऊन खातं आधारला लिंक आहे का ते नक्की बघून या. करारात एखादी अट समजली नाही तर सही करायच्या आधी इथेच खाली लिहा (नाव, नंबर झाकून), मी रात्री नऊनंतर बघतो.