डाग गृहीत धरलेला कोड

‘ताई, हीच चूक कितव्यांदा केली! आता देवापुढे कोणत्या तोंडाने जाऊ?’ इंदूरमधील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ख्रिस्ती कुटुंबांतील माणसांकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते. त्यांपैकी एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या संमतीने आणि तपशील बदलून येथे देत आहे.

त्यांचे डिजिटल छपाईचे दुकान आहे. फ्लेक्स, स्टिकर आणि दुकानदारांच्या गल्ल्यावर ठेवायचे क्यूआर कोड ते छापतात. आईच्या औषधपाण्याच्या खर्चावरून संतापून त्यांनी धाकट्या भावाविषयी मेहुण्यांना एक कडवट संदेश लिहिला आणि तो चुकून घरच्या ग्रुपवर गेला. घाईघाईने पुसताना बोट ‘डिलीट फॉर मी’वर पडले. संदेश त्यांच्या एकट्याच्या फोनमधून नाहीसा झाला, बाकी सगळ्यांच्या फोनमध्ये तसाच राहिला. त्यानंतर तीन महिने भावाशी बोलणे नव्हते, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, रविवारी ते उपासनेतून मध्येच उठून बाहेर जात.

पहिल्या भेटींत ते फोनलाच दोष देत राहिले. मी वाद घातला नाही, कारण आपल्या चुकीचे नाव माणसाला स्वतःच उच्चारावे लागते, अशी माझी धारणा आहे. चौथ्या भेटीत ते म्हणाले, ‘फोनने फक्त पत्ता चुकवला. शब्द माझेच होते. आधी हा राग मुळापासून काढतो, मगच प्रभूच्या मेजापाशी जाईन.’

बहुतेक जण येथेच अडकतात. ‘मी हे केले’ असे म्हणणारा अपराधभाव दुखावलेल्या माणसाकडे नेतो. ‘मी असाच आहे’ असे म्हणणारी लाज मात्र दाराबाहेर काढते, आणि धार्मिक मनाला ही लाजच पश्चात्ताप वाटू लागते.

सहाव्या भेटीनंतर फी देताना त्यांनी माझ्या टेबलावरचा कोड स्कॅन केला. त्यावर चहाचा मोठा डाग होता, तरी तो लगेच वाचला गेला. मी सहज विचारले, ‘हे कसे होते?’ त्यांचा चेहरा उजळला. हा कोड 1994मध्ये जपानमधील डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला, आणि कारखान्यात तेलाचे हात लागणारच म्हणून मूळ माहितीबरोबर जादा माहितीही त्यात गुंफलेली असते, हे त्यांनी मला समजावले. अशा दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी मजकूर मिळतो. ‘डाग पडणार, हे छापण्याआधीच धरलेले असते, ताई,’ असे म्हणून ते स्वतःच्याच वाक्यापाशी थांबले.

मी बोलले नाही. इतक्या वर्षांत मी काही कमावले असेल, तर अशा वेळी गप्प राहणे कमावले आहे. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, ‘आणि माझे 30 टक्क्यांच्या वर गेले असेल तर?’

खरी चिंता ही होती, आणि येथे कोडची उपमा सोडणे भाग होते. कोड उरलेल्या चांगल्या भागावर चालतो. कृपा उरले किती हे मोजत नाही. मी त्यांना येशूचा शिष्य पेत्र याची आठवण करून दिली. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदा येतो: येशूच्या अटकेच्या रात्री महायाजकाच्या अंगणात, जेथे ऊब घेत उभ्या असलेल्या पेत्राने प्रभूला नाकारले, आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी. त्या काठावर येशूने आधी भाकर आणि मासळी दिली, आणि ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हे तीनदा विचारले ते न्याहारीनंतर. जेवण आधी, प्रश्न मागाहून, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पण प्रश्न टळला नाही, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगते. क्षमा मिळाली म्हणून दुखावलेल्याला भेटण्याचे काम संपत नाही. नाहीतर चूक पुन्हा आपल्याच फोनमधून तेवढी पुसली जाते. जेथे सर्वांदेखत दुखावले तेथे सर्वांदेखत क्षमा मागावी, आणि रागाची कारणे त्यात घालू नयेत.

त्यांनी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या आणि मग देवासला भावाच्या घरी गेले. भाऊ फारसे बोलला नाही. चहा दिला, आणि निघताना म्हणाला, ‘दादा, आईच्या गोळ्या संपल्या असतील ना?’ राग अजून येतो, असे त्यांनी मला मागच्या भेटीत सांगितले. त्या महिन्याच्या प्रभुभोजनाला मात्र ते बाकावरून उठले, ते पुढे जाण्यासाठी.