क्लासची फी भरायच्या आधी एक चालू लॅपटॉप उघड

भावा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. खानापूर तालुक्यातलं गाव, इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआय, मोबाईलच्या दुकानात दीड वर्ष डिस्प्ले आणि चार्जिंग पिन बदलून आलेला कंटाळा, साठवलेले ६० हजार, आणि प्रश्न असा की चिप-लेव्हल (बोर्डावरच्या चिप आणि बारीक पार्टची दुरुस्ती) शिकायला दिल्ली गाठू, पुण्याला जाऊ की बेळगावातच काही बघू. नऊ वर्षांपूर्वी मी असाच होतो. फक्त मी कुणाला विचारलं नाही, सरळ पैसे भरून मोकळा झालो.

आधीच सांगतो, मी मुख्यतः लॅपटॉपवाला. फोनचं काम करतो, पण आयफोनच्या डबल-डेकर, म्हणजे एकावर एक बसवलेल्या, बोर्डाला हात लावत नाही. त्यामुळे फोनबद्दल जे लिहीन ते जरा जपूनच घे. सोल्डरिंग, पेस्ट वगैरे सांगत बसत नाही, ते तुला येतंच.

माझा क्लास बाहेरच्या एका मोठ्या शहरात होता. नाव घेत नाही. तीन महिने, ४८ हजार, एकरकमी. त्यातले २० हजार आईने सोसायटीतून काढून दिलेले. क्लासमध्ये एक मोठी गोणी होती, भंगारातून आणलेल्या मेलेल्या बोर्डांची. सर रोज त्यातून प्रत्येकाला एक बोर्ड द्यायचे. आम्ही आयसी (चिप) उचलायची, खालचे पॅड साफ करायचे, स्टेन्सिल लावून सोल्डरचे नवे बॉल बसवायचे, आयसी परत ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात माझी आयसी पहिल्या झटक्यात सरळ बसायला लागली तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं, हात बसला म्हणून.

आता यातली गोम बघ. बोर्ड आधी मेलेला, काम करून झाल्यावरही मेलेलाच. मी केलेलं बरोबर की चूक, हे सांगणार कोण? तीन महिन्यांत माझ्या हातून एकही बोर्ड चालू झाला नाही, आणि ते मला खटकलंसुद्धा नाही. त्याहून वाईट म्हणजे मी चालू असलेल्या बोर्डावर कधी मल्टिमीटर टेकवलाच नव्हता. निरोगी माणसाची नाडी कशी लागते ते ठाऊक नसलेला वैद्य होऊन मी बेळगावला परत आलो. सोबत लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, ते अजून दुकानातल्या कपाटावर आहे, धूळ पुसायलाही कुणी काढत नाही.

पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं ते वडगावच्या एक काकू. घरात माग, मुलगी डिप्लोमाला, तिचा लॅपटॉप बंद. चार्जर लावला की चार्जरच्या ठोकळ्यावरचा दिवा विझायचा, काढला की परत लागायचा. हे मी बघितलं आणि सोडून दिलं. आता कुणी नवीन पोरगा आला की मी त्याला हेच आधी विचारतो: दिवा विझला म्हणजे काय? म्हणजे चार्जरकडून बोर्डात येणारी १९ व्होल्टची लाइनच शॉर्ट आहे, थेट ग्राउंडला चिकटलीय, चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतोय. निम्मं निदान तिथेच झालं होतं.

मी काय केलं? क्लासमध्ये शिकवलं होतं, कॉइलवर (बोर्डावरची तारेची गुंडाळी) मल्टिमीटरची बीप आली की शॉर्ट. प्रोसेसरजवळच्या मोठ्या कॉइलवर मल्टिमीटर ठेवला, बीप आली. दुसरीवर ठेवला, बीप. सापडलं की! डीसी सप्लाय घेतला, ३ व्होल्टला लावला आणि त्या कॉइलवर सोडला, कुठला पार्ट गरम होतो ते बघायला. गरम झाला तो प्रोसेसर. बोटाला चटका बसला, सप्लायवरचे अँपिअर एकदम वर गेले आणि मग खाली आले. मी ‘शॉर्ट निघाला’ म्हणून खूश.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: प्रोसेसरला जाणारी मुख्य लाइन साधारण १ व्होल्टच्या आसपास चालते आणि तिच्यातून कितीतरी अँपिअर जातात. म्हणून त्या लाइनचा ग्राउंडशी रोध मुळातच एक-दोन ओहम, कधी चार-पाच, इतकाच असतो. मल्टिमीटरला तेवढं कमी दिसलं की तो ओरडणारच. चांगल्या बोर्डावरही तिथे बीप येते! मी शॉर्ट नसलेल्या लाइनवर तिप्पट व्होल्टेज सोडून बोर्डावरच सोल्डर केलेला प्रोसेसर जाळला.

पुढे तो बोर्ड खडेबाजार भागातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेला. त्यांनी १९ व्होल्टच्या लाइनवरचा तांदळाच्या कणीएवढा एक सिरॅमिक कपॅसिटर काढला, शॉर्ट गेला. पार्ट एखाद-दुसऱ्या रुपयाचा. पण तोवर प्रोसेसर गेलेला. काकूंना मी १४ हजारांचा सेकंडहँड बोर्ड माझ्या खिशातून घालून दिला. त्या काही बोलल्या नाहीत, मुलगी मात्र माझ्याकडे बघायची ते अजून आठवतं.

त्या मिस्त्रींकडेच मग आठ महिने राहिलो, बिनपगारी. पहिल्या दिवशी मी ब्लोअर (आयसी उचलायचा गरम हवेचा) चालू केला तर म्हणाले, “काय करूलास? ठेव ते खाली. वही आणलास काय?” दोन महिने त्यांनी मला एकही आयसी उचलू दिली नाही. सर्व्हिस होऊन निघालेला, चांगला चालणारा प्रत्येक लॅपटॉप, बॅटरी-चार्जर काढून, झाकण परत बसवायच्या आधी त्याच्या सगळ्या कॉइलची वाचनं (मल्टिमीटरचे आकडे) वहीत लिहायची: मॉडेल, बोर्ड नंबर, १९ व्होल्ट, ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, रॅम, प्रोसेसर. आधी मल्टिमीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध मोजायचा आणि तो वजा करायचा. फोन आला तर चार्जिंग सॉकेटच्या डी-प्लस आणि डी-मायनस या डेटाच्या लाइनी मल्टिमीटरच्या डायोड मोडवर बघायच्या. दोन्हींवर जवळपास सारखा आकडा यायला हवा. एकीवर ४५० आणि दुसरीवर ओएल (म्हणजे जोडच नाही) दिसलं तर ती लाइन कुठेतरी तुटलीय. त्या वहीने मला जे शिकवलं ते ४८ हजारांत मिळालं नाही.

म्हणून दिल्ली की पुणे हा प्रश्नच मला दुय्यम वाटतो. दिल्लीला जायचं तर गोवा एक्सप्रेस बेळगावहूनच आहे, दीड दिवसात पोचशील. करोल बागेतलं गफ्फार मार्केट आणि नेहरू प्लेस या दोन्ही जागी काम प्रचंड, चांगले हातही खूप. पण बाजार चांगला म्हणून तिथला प्रत्येक क्लास चांगला असं होत नाही. कुठेही जा, फी भरायच्या आधी एक दिवस नुसतं बसायला मागून बघ. बसू देत नसतील तर परत ये. बसू दिलं तर सरावाचे बोर्ड कुठून येतात ते विचार. माझा स्वतःचा बंद सेट आणला तर त्यावर शिकवाल काय, हे विचार. सरांना म्हणावं, चालू बोर्डावरचा एक कपॅसिटर काढा, परत लावा आणि बोर्ड चालू करून दाखवा. तोंड वाकडं केलं की समजायचं. आणि एका मायक्रोस्कोपवर किती पोरं, ते स्वतः मोज, त्यांच्या सांगण्यावर जाऊ नको.

फुकट शिकायचं असेल तर बँका चालवतात त्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. १९८२ साली धर्मस्थळाजवळ उजिऱ्याला सुरू झालेल्या संस्थेवरून ही सगळी कल्पना आली. राहणं-जेवण तिथेच. हल्याळलाही अशी एक आहे, तिकडे मराठी कळणारेही पुष्कळ. मोबाईल रिपेअरिंगची बॅच साधारण ३० दिवसांची असते, कधी आहे ते फोन करून विचार. ३० दिवसांत चिप-लेव्हल येत नाही, पण पाया चांगला होतो.

दुसऱ्या एका सरकारी कौशल्य केंद्रात मात्र मी तीन खेपा घातल्या. फॉर्म कन्नडात, दहावीचं मार्क्सकार्ड मराठी माध्यमाचं, एकदा म्हणे हे झेरॉक्स चालत नाही, एकदा म्हणे साहेब नाहीत, तिसऱ्यांदा म्हणे बॅच भरली. एस.टी.चं भाडं आणि दुकानाचा खाडा तेवढा झाला. कन्नड लिहायला शीक, बाबा. सीमाप्रश्नावर तुझं जे मत असेल ते ठेव, पण गिऱ्हाईक, पावती, पोलीस ठाणं, सगळीकडे लागतं. मी उशिरा शिकलो.

पोलीस ठाण्यावरून आठवलं. काही क्लासमध्ये ‘सॉफ्टवेअर’ म्हणून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) बदलायला शिकवतात. त्याच्या वाऱ्यालाही उभा राहू नको. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे.

तुझे ६० हजार कसे वापरावेत हे माझं मत, पटलं तर घे. मायक्रोस्कोपला कंजुषी नको. डीसी सप्लाय ३० व्होल्ट ५ अँपिअरचा बस झाला. ब्लोअर मध्यम घे. बायोस (लॅपटॉप सुरू करणारा प्रोग्रॅम) चिपमध्ये भरायला तो स्वस्तातला काळा सीएच३४१ए प्रोग्रॅमर घेशील तर लक्षात ठेव, त्यातल्या बऱ्याच तुकड्यांत डेटा लाइनवर ५ व्होल्ट येतात, १.८ व्होल्टची बायोस चिप त्याने मरते. अडॅप्टर वेगळा लागतो. एक्झॉस्ट पंखा लाव, धूर नाकात घेत बसू नको. उरलेले पैसे तसेच ठेव, माझ्यासारखा एखादा १४ हजारांचा बोर्ड भरून द्यायची वेळ येईलच.

सध्या नोकरी सोडू नको. घरातला किंवा मित्राचा चालू लॅपटॉप उघड, बॅटरी आणि चार्जर काढून ठेव, बोर्डाचा स्पष्ट फोटो इथे टाक. कुठली कॉइल कशाची ते मी खुणा करून देतो, वाचनं तू लिही.