दिव्यांग भावाच्या 'संजय गांधी निराधार'च्या पैशांवर टॅक्स लागतो का? विकासोचं (गावच्या सहकारी सोसायटीचं) पीककर्ज थकलंय, बँक त्यातून कापेल का?

टॅक्सची काळजी सोडा, आणि कर्जवसुलीसाठी कोर्टातून या पैशांवर जप्ती आणता येऊ नये. दिव्यांगांना आता महिना 2,500 मिळतात, म्हणजे वर्षाला 30,000. करपात्र मर्यादेच्या हे आसपासही नाही. जप्तीबाबत 1871 चा पेन्शन कायदा बघा. त्याच्या कलम 11 नुसार शारीरिक दुर्बलतेमुळे सरकारने दिलेली पेन्शन किंवा अनुकंपा भत्ता धनकोला (कर्ज देणाऱ्याला) जप्त करता येत नाही, कोर्टाचा हुकूमनामा हातात असला तरी. बँकेला अर्ज द्यावा लागला तर त्यात हेच कलम लिहा.

पण हे कलम कोर्टाच्या जप्तीपुरतं आहे. कर्ज आणि अनुदान एकाच बँकेत असेल तर शाखेवाले परस्पर 'होल्ड' लावतात, म्हणजे खात्यातले पैसे अडवतात. त्यात कापसाचे नाहीतर केळीचे पैसेही त्याच खात्यात येत असतील तर कोणती रक्कम कशाची, यावर वाद घालत बसावं लागतं. म्हणून:

- दुसऱ्या बँकेत भावाचं एकट्याचं जनधन खातं काढा आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार तिथे जोडून घ्या. अनुदान शेवटी जोडलेल्या खात्यातच जातं. त्या खात्यात दुसरं काही भरू नका.
- होल्ड लागलाच असेल तर पासबुकातल्या अनुदानाच्या नोंदींची झेरॉक्स जोडून मॅनेजरला लेखी अर्ज द्या. पोच घ्याच, तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही. एक प्रत तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या.

भाऊ कोणाला जामीन राहिला असेल तरी हेच करा.