इमॅजिकाला पुन्हा कधी जावं?

मुलांना खोपोलीचं इमॅजिका हे मनोरंजन पार्क इतकं आवडलं, की पुन्हा कधी जावं असं तुम्ही विचारताय, हे वाचून फार बरं वाटलं! पण दर सुट्टीत तिथेच जायचा मोह आवरा. वर्षातून एकदा पुरे. मुलं लहान असतील तर दीड-दोन वर्षांचं अंतर आणखी चांगलं, कारण मोठ्या राइड्सना उंचीची अट असते. एकदा नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरच्या दारातून परत फिरलेली मुलगी पुढच्या खेपेला आत जाते, तेव्हा तिच्यासाठी सगळं पार्कच नवं होतं. तो आनंद बघण्यासारखा असतो, त्यासाठी थांबाच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात उरकणं. एक या वेळी, दुसरं पुढच्या वेळी ठेवा.
- मे महिन्यातला किंवा दिवाळीतला शनिवार-रविवार गाठणं. दिवस रांगेतच जातो. मंगळवार-बुधवार जमला तर सोनं.
- सगळ्या राइड्स संपवायची घाई. दोन-चार मुद्दाम शिल्लक ठेवा.

मुक्काम, रांग टाळायचे पास वगैरे नंतर बघू. आधी पुढची तारीख मुलांनाच निवडू द्या.