०.८ मिमीची ड्रिल बिटं सारखी तुटतात. दागिन्यांसाठी नेमकी कोणती घ्यावीत?

तुम्ही तांब्याच्या आणि चांदीच्या पत्र्याची कानातली घरी करता, हातात धरायच्या रोटरी मशीनवर ०.८ची बिटं पटापट तुटतायत, आणि आता कोबाल्ट घ्यावं, सोनेरी कोटिंगवालं घ्यावं की कार्बाइड, असं विचारलंय. मी म्हणेन, तिन्ही नकोत. साधं एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टीलचं, घ्या, आपल्याला लागतात त्या दोन-तीन मापांचंच घ्या, पण डझनाने घ्या. बारीक बिट खपणारच, करवतीचं पातं खपतं तसं. मोठा सेट घेतला की हवं ते माप लगेच संपतं आणि बाकीची डब्यात गंजत पडतात.

कार्बाइडचा मोह का होतो ते समजतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात किंवा ऑनलाइन दहाच्या डबीत, रंगीत प्लास्टिकच्या रिंगा चढवलेली बिटं मिळतात ती हीच. सर्किट बोर्डासाठी बनवलेली, धारेला अप्रतिम. पण त्यांना वाकणं माहीतच नाही. स्टँडला घट्ट बसवलेल्या मशीनवर ती सुरेख चालतात. हातातलं मशीन जरासं कललं की खटकन जातात, आणि तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. एचएसएस थोडं लवतं, तेवढी चूक पोटात घालतं. कोबाल्ट स्टेनलेस स्टीलला कामाचं. तांबं-चांदी इतकी मऊ की तिथे त्याचा कडकपणा वायाच जातो. सोनेरी कोटिंगचंही तेच.

मापाचं जरा नीट बघा, कारण खरा घोळ तिथेच होतो. अमेरिकन व्हिडिओत २० गेजची तार म्हणतात ती ०.८१ मिमीची. आपल्याकडे बरेच दुकानदार एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश गेज, मोजतात, त्यात २० नंबर म्हणजे ०.९१ मिमी. व्हिडिओ पाहून ०.८५चं भोक पाडलं आणि गल्लीतल्या दुकानातून २० नंबरची तार आणली, तर ती आत जाणारच नाही. मग आपण त्याच भोकात बिट तिरकं फिरवून ते मोठं करायला बघतो, आणि बिट तुटतं. म्हणून तारेची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि त्याच्यापेक्षा ०.१ मिमी मोठं बिट घ्या. ०.९१च्या तारेला १ मिमी. जाळीकामासाठी २/० नंबरचं करवतीचं पातं भोकातून ओवायचं असेल तर पात्याची रुंदी साधारण अर्धा मिमी असते, तिथे ०.७ पुरतं. परदेशी बिटांवर नुसते नंबर असतात. तिथे नंबर वाढला की बिट बारीक होतं: ६० नंबर १.०२ मिमीचं, ७० नंबर ०.७१चं. ऑर्डर करताना मिमी बघूनच करा.

आता दांडी. सबंध ०.८ जाडीचं सरळ बिट बऱ्याच मशीनच्या चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यात, नीट मध्यावर धरलं जात नाही. दागिन्यांच्या हत्यारांच्या दुकानात २.३५ मिमी जाड दांडीची बिटं मागा, टोक बारीक आणि मागचा भाग जाड. मशीनला २.४चं कोलेट, म्हणजे दांडी आवळून धरणारी बाही, हवं; ३.२च्या कोलेटमध्ये ती सैल पडतील. बसवल्यावर मशीन चालू करून टोकाकडे बघा. एकच टोक दिसलं तर ठीक. दोन दिसली, किंवा टोकाभोवती पुसट कडं दिसलं, तर बिट डगमगतंय. महागातलं घातलंत तरी तुटेल.

सरळ बिटच वापरायचं असेल तर ते चकमध्ये जेवढं खोल जाईल तेवढं घाला. बाहेर राहिलेली लांबी निम्मी केली तर बिट आठपट ताठ होतं. सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे, आणि कुणी करत नाही.

वेगाला लोक उगाच घाबरतात. १ मिमीचं बिट मिनिटाला १०,००० फेरे घेतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग मिनिटाला ३१ मीटर असतो, तांब्या-चांदीला तो चालतो. ३०,०००वर तोच ९४ होतो, तेव्हा मात्र धार तापून मरते. म्हणजे मशीनचा खालचा वेग ठेवा.

पंचने खूण केल्याशिवाय बिट टेकवू नका, नाहीतर ते गुळगुळीत पत्र्यावर घसरत जातं. पत्र्याखाली लाकूड ठेवा आणि पत्रा क्लॅम्पने धरा, बोटांनी नको. टोकाला मधमाश्यांचं मेण लावा. दाबून दोन क्षण, मग वर, चुरा झटकायचा, पुन्हा खाली. तांब्याचा चुरा चिकट असतो, तो बिटाच्या खाचांत अडकला की बिट पिळवटून तुटतं. सगळ्यात धोक्याची वेळ शेवटची: टोक पत्र्याच्या खालून बाहेर पडताना कड बिटाला पकडते. भोक आरपार होतंय असं वाटलं की हात हलका करा. पितळेत हे फारच जाणवतं.

दगडी आणि काचेच्या मण्यांसाठी हे बिट नाही, तिथे डायमंड बिट आणि पाणी लागतं.

आणि तुकडा चांदीत रुतून बसलाच तर पत्रा फेकू नका. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी टाका आणि दागिना त्यात ठेवा. पोलादाचा तुकडा हळूहळू विरघळतो, चांदी-तांब्याला काही होत नाही. वेळ लागतो, कधी रात्रभर. पाणी गरम राहिलं तर काम लवकर होतं. भांडं काचेचं घ्या, लोखंडी नको. मोती जडवलेले असतील तर हा उपाय करूच नका. कार्बाइडचा तुकडा मात्र असा निघत नाही.