"ही आगीतली नोकरी नको"

"मॅडम, रानात राबू दे, पर ही आगीतली नोकरी नको. तुम्हीच सांगा त्याला." पंचगंगेकाठच्या एका गावातून माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली आई हे एका दमात बोलली. शेजारी विशीतला मुलगा मान खाली घालून बसलेला. कॉलेज सुरू, तालमीचं अंग आणि डोक्यात अग्निशमन दल. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. तेव्हापासून नोकरीचा विषय निघाला की ती उठून जायची.

अशा आईला "काही होत नाही हो" असं मी कधीच सांगत नाही. धोका खरा आहे. 14 एप्रिल 1944 ला मुंबई गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थच त्या तारखेला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

मी तिला विचारलं, "ताई, याच्या जिवाची धास्ती याआधी कधी घेतली होती?"

ती थांबली. मग 2021 चा महापूर निघाला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या जुलैत पाणी 56 फुटांवर गेलं होतं. हा तेव्हा शाळकरी पोर. शेजाऱ्यांची म्हैस सोडवायला छातीभर पाण्यात शिरला. ना दोर, ना जॅकेट. "सांज होस्तवर दिसला न्हाई," सांगताना तिचा आवाज बसला.

मला जे सांगायचं होतं ते इथंच होतं. हा मुलगा नोकरी नसतानाही पाण्यात उतरतो, आणि पुढचा पूर आला तरी उतरेल. दलात त्याला आधी न उतरायला शिकवतील. काठावरून हात किंवा काठी देता येते का, दोर फेकता येतो का, बोट नेता येते का हे बघायचं. पोहत जाणं सगळ्यात शेवटी. धुरात एकट्यानं शिरायचं नाही, जोडीनं शिरायचं. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा कमी झाली की शिट्टी वाजते. त्याच्याही आधी, परतीपुरती हवा हाताशी ठेवून मागं फिरायचं.

मुलाशी मात्र वेगळं आणि जरा कठोर बोलले, कारण मला त्याच्या बाबतीत काळजी वाटते ती भरतीची. महापालिकांची भरती दरवर्षी निघत नाही, काही जागा कंत्राटी असतात. मुंबईत सांताक्रूझला महाराष्ट्र अग्निशमन अकादमी आहे, तिथला अग्निशामकाचा कोर्स सहा महिन्यांचा. उंची, छाती, वजन जाहिरातीशी आधीच ताडून बघ म्हटलं. "शंभर टक्के नोकरी" सांगणाऱ्या खासगी क्लासला पैसे भरण्याआधी, त्याचं प्रमाणपत्र भरतीत चालतं का ते अग्निशमन दलाच्या कार्यालयात जाऊन विचार. एमआयडीसीची स्वतःची अग्निशमन सेवा आहे, कारखान्यांनाही अशी माणसं लागतात, तिकडेही नजर ठेव. आणि पदवी सोडायची नाही, यावर मी अडून बसले.

दुसऱ्या भेटीला आईनं स्वतःच प्रश्न आणले होते. रात्रपाळी किती? जखमी झाला तर खर्च कोण करणार? लग्नाला मुलगी मिळंल का? होकार तिनं अजून दिलेला नाही. प्रश्न घेऊन मायलेक दोघं जवळच्या फायर स्टेशनला जाणार आहेत, एवढं ठरलंय.