आधी वही, मग जनुक

परभणीहून पदवी घेऊन तू मेंढ्यांच्या पैदाशीत उतरतोयस, बरं वाटलं. पण प्रयोगशाळेचं स्वप्न जरा बाजूला ठेव. आष्टी-पाटोद्याकडच्या एखाद्या धनगराच्या वाड्यावर पहिलं वर्ष काढ. तो कोकरू बघून त्याची आई सांगतो. तुला वहीत लिहिल्याशिवाय जमणार नाही.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं काम मुळापासून वाच. सुंदरबनातल्या गारोळे मेंढीत जुळी देणारा फेकबी जनुक आहे. 1990 च्या दशकात फलटणच्या या लोकांनी तो आपल्या दख्खनी मेंढीत आणला, त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली (‘नारी’ हे संस्थेच्या इंग्रजी नावाचं लघुरूप). हिशेब सोपा आहे: मेंढ्याकडे जनुकाच्या दोन्ही प्रती असतील तर प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते, एकच असेल तर साधारण निम्म्यांना. बाहेरून बघून यातलं काही कळत नाही, जनुकाची तपासणीच लागते.

पण जुळं झालं म्हणजे फायदा झाला असं नाही. मेंढी गाभण राहिल्यावर साधारण 150 दिवसांनी विते. आपल्याकडे ते ऐन उन्हाळ्यात आलं, तर दुधाअभावी दुसरं कोकरू हातचं जातं. मेंढपाळ पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि त्याचं बरोबर असतं.

माझी चूक सांगतो. कानातले बिल्ले काटेरी कुंपणात अडकून गळाले, दुसरी खूण केलेली नव्हती. दोन वर्षांच्या नोंदी मातीत गेल्या. तू बिल्ल्यासोबत गोंदणही कर. आणि मेंढा दोन वर्षांनी बदल, नाहीतर तो स्वतःच्याच लेकींवर फिरतो.